उजेड दाराचा, पोझ बाळाची

धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या घराची सर्वांत मोठी खिडकी म्हणजे त्याचे दार. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर माळवद, उजेडासाठी माळवदालाच ठेवलेले सवणे आणि भिंतीत उंचावर एखादा झरोका. अशा घरात भर दुपारीही माजघरात चाचपडत जावे लागे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात उमरगा आणि लोहारा तालुक्यांतली अशी घरे कोसळली. पुनर्वसनात सास्तूरसारख्या गावांतून माळवद गेले, स्लॅब आला, भिंती पातळ झाल्या. आज जिल्ह्यात दोन्ही तऱ्हेची घरे आहेत, पत्र्याची आहेत, शहरात फ्लॅटही आहेत. बाळाचा फोटो घरीच, विजेच्या दिव्याशिवाय काढायचा तर कॅमेऱ्याच्या आधी विचार करावा तो या घराचा. उजेड कुठून येतो, किती वाजता येतो आणि बाळाला तिथे आरामात झोपता येईल का?

बहुतेक घरांत या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच जागी सापडते: दाराच्या आत दोन-तीन हातांवर, किंवा ओसरी असेल तर ओसरीवर. तिथे डोक्यावर छप्पर असते, ऊन अंगावर येत नाही आणि समोरचे मोकळे आभाळ भरपूर उजेड देते. स्टुडिओवाले मोठाले सॉफ्टबॉक्स लावून जे करू पाहतात, ते इथे फुकट मिळते.

दार कुठल्या दिशेला उघडते यावर वेळ ठरते. पूर्वेच्या दारातून सकाळी ऊन थेट आत येते; कोवळे असले तरी फोटोसाठी ते कडकच. ऊन ओसरीवरून सरकले, साधारण बारा वाजून गेले, की दुपारभर तिथे एकसारखा मऊ उजेड राहतो. पश्चिमेच्या दाराचे याच्या उलट: सकाळ उत्तम, दुपारी पडदा हवा. दक्षिणेचे दार ऋतूप्रमाणे बदलते. धाराशिव साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत शिरते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तोच सूर्य बरोबर माथ्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस होतो, आणि त्या सुमारास दक्षिणेच्या खिडकीतही ऊन उतरत नाही. उत्तरेची खिडकी वर्षातला बराच काळ ऊन न देता नुसता उजेड देते. जुने चित्रकार आणि फोटो स्टुडिओवाले तिच्यामागे असत ते त्यासाठीच. मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्यही इथे किंचित उत्तरेकडे कललेला असतो. तेव्हा छज्जा नसला तर उत्तरेलाही उन्हाची पट्टी दिसू शकते.

घड्याळाचीही एक बारीक गोष्ट आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची. धाराशिव ७६ अंशांच्या आसपास. त्यामुळे इथे सूर्य सर्वांत वर येतो तो बाराच्या ठोक्याला नव्हे, सरासरी बारा पंचवीसच्या सुमाराला. अमुक वाजता उजेड चांगला, असे ठोकताळे कुठे वाचले तर ते आपल्या गावच्या सूर्याशी ताडून घ्यावेत.

जागा पक्की करायला बाळाची गरज नसते. हाताची मूठ वळून, अंगठा नाकासारखा पुढे काढून, ती दारापासून आत हळूहळू फिरवावी. अंगठ्याची सावली धारदार कडेची पडली तर उजेड अजून कडक आहे. सावलीची कड विरघळत गेलेली दिसली की जागा सापडली. फार आत मात्र जाऊ नये. छोट्या खिडकीपासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड जवळपास चौथाईवर येतो आणि मग मोबाइल फोटोत दाणे दिसू लागतात.

जागा सापडली की खोलीतले दिवे बंद करावेत. ही पायरी बहुतेक जण गाळतात. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की बाळाचा एक गाल पिवळा आणि दुसरा करडा येतो, आणि कुठल्याही ॲपला तो धड दुरुस्त करता येत नाही. भिंतींचेही तसेच. पोपटी किंवा गुलाबी डिस्टेंपरच्या भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर तोच रंग टाकतो. अंगणावर हिरवी शेडनेट किंवा निळी ताडपत्री ताणलेली असेल तर तिच्याखाली बाळाचा फोटो काढूच नये. रंग बदलता येत नाही तेव्हा भिंतीवर पांढरी चादर टांगावी. शेणाने सारवलेली जमीन आणि शहाबादी फरशी या बाबतीत सोज्वळ असतात. चेहऱ्यावर फारसा रंग टाकत नाहीत.

उजेड मऊ करायला बाजारातून काही आणावे लागत नाही. आजोबांचे जुने, धुऊन पातळ झालेले धोतर हे या कामाचे सर्वोत्तम कापड. खिडकीवर ते एकेरी ताणून बांधले की बाहेरचे ऊन त्यात पसरते आणि अख्खी खिडकी दिव्यासारखी उजळते. उरलेले धोतर घडी करून सावलीच्या बाजूला, बाळापासून हातभर अंतरावर उभे धरावे, म्हणजे अंधाऱ्या गालावर थोडा उजेड परत येतो. थर्माकोलचा किंवा पांढऱ्या कार्डशीटचा तुकडाही चालतो. स्टीलची परात वापरायचा मोह आवरावा. ती उजेड पसरवत नाही, चकाकीचा ठिपका फेकते, आणि तो नेमका डोळ्यांत जातो.

आता दिशा. बाळ उताणे झोपले असेल तर उजेड डोक्याकडून हनुवटीकडे उतरायला हवा. पायाकडून आला तर नाकपुड्या उजळतात, डोळे खड्ड्यात जातात आणि चेहरा भेसूर दिसतो. घरच्या फोटोंतली ही सर्वांत नेहमीची चूक. बाळाचे डोके दाराकडे, पण दाराशी तिरके ठेवावे. नाकाची छोटी सावली ओठाच्या कोपऱ्याकडे झुकली म्हणजे कोन बरोबर आला. बाळ जागे असेल तर डोळ्यांत दाराचा छोटा चौकोन चमकताना दिसतो. तो दिसला नाही तर डोळे निर्जीव वाटतात. अशा वेळी बाळाला न वळवता खालचे दुपटे हलकेच फिरवावे. झोप मोडत नाही.

फ्लॅश बंदच ठेवावा. त्याने डोळ्यांना इजा होते असे सिद्ध झालेले नाही, पण बाळ दचकते आणि त्वचा सपाट दिसते. कुणाच्या फ्लॅशच्या फोटोत बाळाची एक बाहुली वारंवार पांढरी चमकताना दिसली, तर मात्र ती गोष्ट हसण्यावारी न नेता नेत्रतज्ज्ञाला दाखवावी. मोतीबिंदूचे किंवा डोळ्यातल्या गाठीचे ते लक्षण असू शकते.

वेळ बाळाच्या तब्येतीने ठरवावी. खेड्यात तेल-मालीश, अंघोळ आणि दूध झाले की बाळ दोन-अडीच तास गाढ झोपते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही झोप इतकी गाढ असते की कपडे बदलले तरी मोडत नाही. नवजात बाळाचे फोटो काढायचे ते याच झोपेत. ढेकर निघून गेल्यावर, घाई न करता. अंघोळीनंतरच्या धुरीत दारातून आलेली तिरीप फार देखणी दिसते आणि फोटो काढणाऱ्याचा हात शिवशिवतो. तो मोह टाळलेला बरा. धूर बाळाच्या छातीला चांगला नाही. उघडे बाळ थंडीत लवकर गार पडते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत दार लोटून खिडकीशी काम करावे. एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा होतो. पारा चाळीशी ओलांडतो, पत्र्याखाली तर जास्तच, तेव्हा सकाळी नऊच्या आत आटोपावे. पावसाळ्यात ढगाळ आभाळच धोतराचे काम करते. बाहेर कुठलीही दिशा चालते, फक्त घरात अंधार वाढतो. म्हणून ओसरीच्या कडेला यावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. फोटोच्या दृष्टीनेही उन्हात मिळते काय, तर मिचकावलेले डोळे.

पोझच्या बाबतीत गेल्या दोन-तीन दशकांत बरीच चुकीची समजूत पसरली आहे. तेव्हा न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार ॲन गेडिस यांचे ‘डाउन इन द गार्डन’ हे पुस्तक १९९६ मध्ये आले. फुलांच्या कुंड्यांत आणि पाकळ्यांत झोपलेली बाळे त्यातून जगभर पोचली. पुढे मोबाइल आला आणि प्रत्येक घराला वाटू लागले की आपलेही बाळ टोपलीत, बादलीत, माठात बसायला हवे. त्यातली सर्वांत धोक्याची पोझ म्हणजे दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकवून बसलेले नवजात बाळ. तो एका क्षणाचा फोटो नसतोच. एका फोटोत कुणीतरी बाळाचे डोके वरून धरलेले असते, दुसऱ्यात मनगटे धरलेली असतात. दोन्ही जोडून हात पुसून टाकतात. हे ठाऊक नसताना घरी तसे करायला जाणे म्हणजे बाळाच्या मानेशी खेळ.

बाळाला वयाप्रमाणे जे आपोआप जमते तीच त्याची पोझ. पहिला महिना उताणे, दुपट्यात गुंडाळून. गुंडाळताना हात बांधले तरी पाय बेडकासारखे दुमडायला जागा ठेवावी. पाय सरळ ताणून घट्ट बांधल्याने खुब्याच्या सांध्याला त्रास होऊ शकतो. या वयात पूर्ण चेहऱ्यापेक्षा तुकडे जास्त बोलतात: आजीच्या सुरकुतलेल्या बोटाभोवती वळलेली मूठ, मनगट्यांचे काळे मणी, टोपड्याची गाठ, तळव्यावरच्या रेघा. दीड-दोन महिन्यांनी बाळ माणूस ओळखून हसू लागते. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचे सर्वांत स्पष्ट दिसते आणि पुढे ही नजर लांबत जाते. म्हणून आईने कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी तोंड आणून बोलावे. पाच जणांनी पाच बाजूंनी टाळ्या वाजवल्या तर बाळ कुणाकडेच बघत नाही. तीन-चार महिन्यांत मान धरते, तेव्हा जागेपणी पालथे घालून छातीखाली टॉवेलची गुंडाळी द्यावी आणि कॅमेरा जमिनीला टेकवून डोळ्यांच्या रेषेत आणावा. सहा ते आठ महिन्यांत बसते. मागे उशी, बाजूला कुणाचा तरी हात. नऊ-दहा महिन्यांत बाजेच्या माचव्याला धरून उभे राहते. एवढ्यात वर्ष संपते, आणि वेगळी पोझ शोधायची गरज कधी पडतच नाही.

सूप किंवा दुरडी वापरायचीच असेल तर ती जमिनीवर ठेवावी. आत जाड वाकळ घालावी, दुरडीच्या बुडाशी वजन ठेवावे आणि एका मोठ्या माणसाचा हात सतत बाळाजवळ असावा. सोयाबीन किंवा ज्वारीच्या राशीवर बाळ ठेवून फोटो काढायची हौस सुगीत दिसते. धूळ आणि कूस नाकातोंडात जाते, ती हौस सोडावी. वरून फोटो घेताना मोबाइलची दोरी मनगटात अडकवलेली असावी, कारण तेलकट हातातून सुटलेला मोबाइल थेट बाळाच्या तोंडावर पडतो.

आधाराचा हात फोटोत नको असेल तर जुन्या स्टुडिओंची एक युक्ती आहे. एकोणिसाव्या शतकात फोटोला कित्येक सेकंद लागत, बाळ तेवढे स्थिर राहीना. तेव्हा युरोपातले फोटोग्राफर आईलाच कापडाखाली झाकून खुर्चीत बसवत आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवत. असे कितीतरी फोटो आज संग्रहांत आहेत, त्यांतल्या खुर्च्या जरा जास्तच माणसासारख्या दिसतात. आता तोंड झाकायची गरज नाही. आईने भिंतीला टेकून बसावे, मांडीवर गडद शाल किंवा घोंगडी पसरावी, त्यावर दुपटे आणि दुपट्यावर बाळ. फोटोची चौकट मांडीपुरती कापली की झाले. बाळाला आईची ऊब मिळते, म्हणून ते शांतही राहते.

बाळंतीण घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर बसत नाही, ही अडचणही जुनीच. एकोणिसाव्या शतकात धाराशिवचा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला; तो केनी-लेव्हिक नावाच्या बाई चालवत आणि आत पुरुषांना मज्जाव असे. आज तेच काम घरातली मावशी किंवा आत्या मोबाइलवर करू शकते, आणि पाहुण्या फोटोग्राफरपेक्षा बाळ तिच्याशी लवकर रुळते.

मोबाइलची तयारी थोडकी आहे. लेन्स मऊ फडक्याने पुसावी. बाळाच्या घरात तिच्यावर तेलाचा थर हमखास असतो. अगदी जवळ जाऊन रुंद लेन्सने काढले तर नाक फुगते, त्यामुळे दोन पावले मागे सरून दुप्पट झूमची लेन्स वापरावी. बाळाच्या जवळच्या डोळ्यावर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड दोन्ही तिथे बांधले जातात; मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढावी, म्हणजे कपाळ पांढरे फटक पडत नाही. मोबाइलच्या ‘प्रो’ मोडमध्ये किंवा मोठ्या कॅमेऱ्यात झोपलेल्या बाळाला सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो, जागे असेल तर अडीचशेवा, रांगते असेल तर पाचशेवा. सौंदर्य खुलवणारा फिल्टर बंद करावा. बाळाच्या त्वचेवर गुळगुळीत करण्यासारखे काही नसते. आणि एक महत्त्वाचे: पहिल्या आठवड्यातला फोटो पिवळसर दिसला तर ॲपमध्ये रंग बदलण्याआधी दारातल्या उजेडात बाळाकडे नीट पाहावे. पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला असेल तर फोटो बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात, त्यांनाही हे विचारता येते.

घरच्या फोटोंची खरी परीक्षा बोरन्हाणाला होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही हा सोहळा करतात: काळे झबले, अंगावर हलव्याचे पांढरे दागिने, डोक्यावरून बोरे, चुरमुरे आणि हलवा. काळे आणि पांढरे एकाच चौकटीत आले की कॅमेरा गोंधळतो. काळ्याला उजळायला जातो आणि हलव्याचे काटे पुसून टाकतो. म्हणून इथे उजेड हलव्यावर बांधावा आणि काळे काळेच राहू द्यावे. त्यात कार्यक्रम बहुधा हळदीकुंकवाबरोबर संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली होतो. जानेवारीच्या मध्यात धाराशिवला सव्वासहाच्या आत-बाहेर सूर्य मावळतो, तेव्हा बाया जमण्याआधी, चारच्या सुमाराला, बाळाला सजवून ओसरीवर पाटावर बसवावे आणि एकट्याचे फोटो आधी उरकावेत. सूर्य त्या वेळी नैर्ऋत्येला खाली आलेला असतो. पूर्वेचे दार असेल तर उत्तमच, पश्चिमेचे असेल तर धोतर ताणावे. बोरे टाकताना दोन मुठी पुरेत, त्याही बाळाच्या खांद्यामागून. त्या वेळी मोबाइलवर सलग फोटोंचे बटण दाबून धरावे; चुरमुरे हवेत असतानाचा एखादा तरी साधतो. हलवा आणि बोराची बी बाळाच्या घशात अडकू शकते, म्हणून एक माणूस फक्त बाळाच्या हातांवर आणि तोंडावर नजर ठेवायला हवा. हलव्याची कंठी काढून ठेवायला उशीर झाला की मुंग्या येतात, ते वेगळेच.

तुळजापूरला दर्शनाला नेलेल्या बाळाचा फोटोही असाच जपून काढावा. कपाळभर कुंकवाचा लाल रंग मोबाइलमध्ये पसरून डाग दिसतो. सावलीत येऊन उजेडाची पट्टी खाली ओढली की त्याचा पोत टिकतो. कवड्यांची माळ फोटोपुरती घालावी आणि लगेच काढावी. दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावली तरी चालते, फोटोत ती गोडच दिसते. काजळ मात्र डोळ्यांत घालू नये. काही काजळांत शिसे सापडले आहे, आणि उजेड नीट असेल तर डोळे तसेही काळेभोर येतात.

फोटो काढून झाले की ते मोबाइलमध्येच राहतात आणि मोबाइल पाण्यात पडतो. महिन्यातून एकदा चांगले चार निवडून छापून घ्यावेत. त्याच मोबाइलमधून पेनड्राइव्हवर मूळ फाइल न्यावी. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला तर त्याचा आकार बराच कमी होतो आणि ८ बाय १० इंचांच्या छापात चेहरा फुटतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. ३०० डीपीआयने ८ बाय १० छापायला साधारण ७२ लाख पिक्सेल लागतात, हल्लीच्या मोबाइलच्या मूळ फाइलमध्ये ते सहज असतात. अल्बमसाठी मॅट कागद सांगावा, त्यावर बोटांचे ठसे कमी उठतात. तारीख आणि गाव मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढून दिसतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते.